वय विचारा, पण नंबर कशाला?

आपल्याकडच्या दुकानांत उलटा प्रकार चालतो. जिथे ग्राहकाचं वय बघायलाच हवं असं कायदा सांगतो, तिथे बहुतेक वेळा कुणी मान वर करूनही बघत नाही. दहावीतला मुलगा पानटपरीवर जातो, "काकांनी मागवलीय" म्हणतो आणि सिगारेट घेऊन येतो. आणि जिथे ग्राहक कोण, कुठला, किती वर्षांचा याच्याशी दुकानाला काही देणंघेणं नसतं, तिथे मोबाईल नंबर सांगितल्याशिवाय मोज्यांच्या जोडीचं बिल निघत नाही.

दोन्ही ठिकाणी काउंटरवर खटके उडतात. दुकानदार म्हणतो, "नियम आहे." ग्राहक म्हणतो, "माझी माहिती तुम्हाला का देऊ?" यात कोण बरोबर हे दर वेळी वेगळं असतं, कारण दर वेळी मागे उभा असलेला कायदा वेगळा असतो. कधी दुकानदाराला विचारण्यावाचून गत्यंतर नसतं, कधी त्यानं विचारायचं पण लिहून घ्यायचं नसतं, कधी लिहून घेतलंच पाहिजे असतं, आणि कधी त्यानं विचारणंच चूक असतं. या चारही गोष्टींची आपल्याकडे सरमिसळ झाली आहे. माझं ठाम मत असं की वयाची तपासणी आजच्यापेक्षा कितीतरी कडक हवी, आणि त्याच वेळी दुकानात मागे राहणारी माहिती आजच्यापेक्षा कितीतरी कमी हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

नीट झालेली वयाची तपासणी कशी दिसते, हे आपण सगळ्यांनी एसटीत पाहिलेलं आहे. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशाला अर्धं तिकीट असतं, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. कंडक्टर कार्ड मागतो, जन्मसाल बघतो, मनात हिशेब करतो, तिकीट फाडतो आणि कार्ड आजोबांच्या हातात परत देतो. आजोबांचा फोटो काढला जात नाही, आधार नंबर वहीत उतरत नाही, मोबाईलवर ओटीपी येत नाही. कंडक्टरला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: वय बसतं की नाही? उत्तर मिळालं, काम संपलं. पुढचं सगळं वाचताना हा कंडक्टर डोळ्यांसमोर ठेवावा.

जिथे विचारलंच पाहिजे

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक दारूसाठी २५ आहे. गोव्यात ते १८ आहे. म्हणजे बांद्याकडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की तोच वीस वर्षांचा मुलगा कायदेशीर ग्राहक होतो. आपल्याकडे त्यावर परवान्याचीही अट आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि दारू प्यायला एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा परवाना लागतो. व्यवहारात बहुतेक ग्राहकांना हा कागद कधी दिसतही नाही. वयाचा मूळ दरवाजा खरं तर हाच होता. परवाना देताना वय बघितलं असतं, तर काउंटरवर नुसता परवाना बघून भागलं असतं. तो दरवाजा नावापुरता उरला आणि सगळा भार बाटली देणाऱ्या पोऱ्यावर येऊन पडला.

तो भार कुणी उचलला नाही की काय होतं, हे पुण्यानं १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिलं. कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीनं मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनियर जागीच गेले. मुलगा त्याआधी मित्रांबरोबर बारमध्ये बसला होता. कडक दारूचं वय २५, आणि समोर बसलेला मुलगा अठराचाही नाही. पोलिसांनी बारचे मालक आणि व्यवस्थापक यांच्यावर बालन्याय कायद्याखाली गुन्हा दाखल केला, त्यांना अटक झाली, आणि त्यानंतर उत्पादन शुल्क विभागानं शहरातल्या अनेक बारवर कारवाई केली. त्या रात्री टेबलावर ग्लास ठेवण्याआधी कुणीतरी "ओळखपत्र दाखवा" एवढं म्हणणं अपेक्षित होतं. म्हणून "वय विचारणं म्हणजे ग्राहकाचा अपमान" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

बालन्याय कायद्याचं ते कलम, २०१५ च्या कायद्यातलं ७७ वं, दुकानदारांनी गल्ल्यावर चिकटवून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. याउलट २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात त्याच गोष्टीसाठी जास्तीत जास्त दंड आहे २०० रुपये. पानटपरीवाल्याला बहुधा २०० रुपयेच माहीत असतात. सात वर्षांची गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते.

तंबाखूच्या नियमांत आणखी एक बारीक पण कामाची तरतूद आहे. विक्रीच्या जागी ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, "१८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे" अशा आशयाचा, स्थानिक भाषेत. आणि घेणारा अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. शंका आली तर तो वयाचा पुरावा मागू शकतो. "मला कसं कळणार साहेब, मिशा होत्या त्याला" हे उत्तर चालत नाही.

दुकानदाराची बाजूही लक्षात घ्यायला हवी, कारण त्याच्याशी भांडणारे आपणच असतो. शनिवारी संध्याकाळी वाइन शॉपच्या जाळीसमोर दहाजण हात आत घालून उभे आहेत. जाळीमागे एक विशीतला पोरगा एका हातानं बाटली कागदात गुंडाळतोय, दुसऱ्या हातानं सुटे पैसे मोजतोय. त्यानं अशा वेळी समोरच्या धिप्पाड माणसाला ओळखपत्र मागायचं, तर आवाज चढणार, मागची रांग ओरडणार, मालक म्हणणार, "गिऱ्हाईक का घालवतोस?" त्यामुळे तो मागतच नाही. आणि कधी मागितलंच, तर ज्याच्याकडे मागितलं त्याला वाटतं, एवढ्या लोकांत मलाच का?

हा "मलाच का" ब्रिटनमधल्या दुकानांनी साध्या युक्तीनं सोडवला. तिथे दारूचं वय १८ आहे, पण दुकानं २५ पेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र मागतात. तसा फलकच काउंटरवर असतो. चेहऱ्यावरून सतरा आणि एकोणीस यांतला फरक सांगणं कुणालाच जमत नाही, सतरा आणि सव्वीस यांतला बऱ्यापैकी जमतो. मधली सात वर्षं म्हणजे चुकीसाठी ठेवलेली जागा. अमेरिकेतही तंबाखूसाठी वय २१ असताना सप्टेंबर २०२४ पासून तिशीच्या आतल्या प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र बघणं बंधनकारक झालं आहे. टेनेसी राज्यानं तर २००७ मध्ये दुकानातून बिअर नेणाऱ्या सरसकट सगळ्यांना, वय काहीही असो, ओळखपत्र दाखवायला लावलं. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आपल्या पासष्टीच्या मंडळींना अशा दुकानात पासपोर्ट मागितला की धक्का बसतो. पण सगळ्यांनाच विचारलं की कुणा एकावर संशय उरत नाही, आणि कॅशियरच्या डोक्यावरचा निवाडाही जातो. आपल्या वाइन शॉपच्या संघटनांनी "तिशीच्या आत दिसाल तर कार्ड दाखवा" असा मराठी फलक एकाच दिवशी राज्यभर लावला, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील असं मला मनापासून वाटतं.

कोणतं कार्ड, आणि त्याचं करायचं काय

आता कार्डाकडे वळू. महाराष्ट्रात जन्मतारीख हा तसा नाजूक विषय आहे. एका पिढीतल्या हजारो लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली. आधार काढताना कागद नसेल तर तोंडी सांगितलेलं वयही चालत असे. म्हणूनच आधार हे ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं खुद्द आधार प्राधिकरणानं २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही वय ठरवण्यासाठी आधारवरच्या तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्याला वजन दिलं.

मग दुकानात शाळेचा दाखला घेऊन जायचं का? नाही. कोर्टात भरपाई ठरवताना लागणारा पुरावा आणि काउंटरवर अठरा-एकवीसचा अंदाज पक्का करायला लागणारा पुरावा यांत अंतर आहे. दुकानदारानं प्रामाणिकपणे सरकारी फोटो ओळखपत्र बघितलं, ही त्याची सर्वांत मोठी ढाल. ड्रायव्हिंग लायसन्स त्यासाठी उत्तम. आधार दाखवायचंच असेल, तर ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार दाखवावं. जन्मतारीख त्यावरही असतेच.

यापुढची गोष्ट वादाची आहे. कार्ड बघून झाल्यावर दुकानदार मोबाईल काढतो आणि कार्डाचा फोटो घेतो, किंवा "झेरॉक्स द्या" म्हणतो. इथे ग्राहकानं थांबावं.

सप्टेंबर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारं मूळ कलम ५७ त्या स्वरूपात टिकू दिलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, आधारविरुद्ध कोर्टात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्याच याचिकेवर, नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला होता. २०१९ च्या दुरुस्तीनं आधारचा स्वेच्छेनं वापर पुन्हा शक्य झाला, पण अटींसकट. ऑफलाइन पडताळणी, म्हणजे आधारच्या सर्व्हरला न विचारता कार्डावरूनच तपासणी, करणाऱ्या संस्थेला आधार नंबर गोळा करायला, वापरायला किंवा साठवायला मनाई आहे, आणि आधारऐवजी दुसरं कोणतं ओळखपत्र चालेल हे तिनं समोरच्याला सांगायचं असतं. आधारवरचा क्यूआर कोड यासाठीच आहे. तो स्कॅन केला की कार्ड खरं की खोटं कळतं, नंबर उतरवून घ्यावा लागत नाही.

झेरॉक्सबाबत सरकारची स्वतःचीही चलबिचल झाली होती. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं लोकांना सूचना दिली की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड आधार वापरा. त्यावर गदारोळ झाला आणि दोन दिवसांत सरकारनं ती सूचना मागे घेतली, लोकांनी "नेहमीची काळजी" घ्यावी असं सांगितलं. सूचना मागे गेली तरी मला ती योग्यच वाटते. ज्या झेरॉक्सच्या दुकानात आपण प्रत काढतो, तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेली किती जणांची आधार कार्डं पडून असतात, हे एकदा डोकावून बघावं.

जिथे लिहून घेतलंच पाहिजे

काही विक्रीत मात्र नोंद ठेवणं हाच संरक्षणाचा भाग आहे, आणि तिथे ग्राहकानं "माझी प्रायव्हसी" म्हणून अडून बसू नये.

ॲसिड हे त्यातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण. ॲसिड हल्ला झेललेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेश दिला: अठरा वर्षांखालच्या कुणालाही ॲसिड विकायचं नाही, घेणाऱ्याचा पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं, आणि कुणाला, किती, कशासाठी दिलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं. बाटली कुणाच्या हातात गेली याचा माग राहिला पाहिजे, हाच त्या नोंदीचा हेतू.

मेडिकल स्टोअरमधलं शेड्यूल एच-वन रजिस्टर हे दुसरं. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि सवय लागू शकणाऱ्या गोळ्या देताना केमिस्टला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि मात्रा लिहून तीन वर्षं जपावं लागतं. इथे केमिस्टनं नाव विचारलं तर तो आगाऊपणा नसतो.

पण त्याच मेडिकलमध्ये कंडोमचं पाकीट मागणाऱ्या तरुणीला "वय किती? लग्न झालंय का?" असं विचारलं जातं, तेव्हा त्यामागे कोणताही कायदा नसतो. कंडोम विकत घ्यायला वयाची किंवा लग्नाची अट नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याला ना नोंद ठेवायची असते, ना कुणाचं रक्षण करायचं असतं. अशा एका प्रश्नामुळे माणसं पुन्हा त्या दुकानात जात नाहीत, आणि त्याची किंमत तब्येतीला मोजावी लागते. सात जणांसमोर मोठ्यानं विचारलेला हा प्रश्न मला सिगारेट विकताना वय न विचारण्याइतकाच बेजबाबदार वाटतो.

मोबाईल नंबर

आता मोज्यांच्या जोडीकडे येऊ. बिलाच्या वेळी "मॅडम, नंबर सांगा" हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की आपण विचार न करता दहा आकडे मोठ्यानं म्हणून मोकळे होतो, मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. एकटी मुलगी असेल तर तो नंबर आणि स्क्रीनवर उमटलेलं तिचं नाव दोन्ही त्याला मिळतात. नको म्हटलं तर कॅशियर सांगतो, "सिस्टीम पुढे जात नाही सर."

सिस्टीम पुढे जात नाही, कारण ती तशी बनवून घेतलेली असते. कायद्याची त्यात कसलीही सक्ती नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना हेच बजावलं: मोबाईल नंबर दिला नाही म्हणून सेवा नाकारू नका, विक्री पूर्ण करायला नंबर लागत नाही, अशी सक्ती म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती तिसऱ्याला देणं हेही अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग नंबर का मागतात? कारण तुमचा नंबर ही दुकानाच्या हिशेबवहीतली किल्ली आहे. एकदा नंबर जोडला की तुम्ही महिन्यातून किती वेळा येता, कोणता साबण घेता, लहान मुलाचे डायपर कधी सुरू झाले आणि कधी बंद झाले, हे सगळं एका नावाखाली गोळा होतं. त्यात वय वेगळं विचारावं लागत नाही, ते खरेदीवरूनच कळतं. पॉइंट्स आणि वाढदिवसाचं कूपन याच्या बदल्यात मिळतं. कुणाला हा सौदा पटत असेल तर जरूर करावा. पण सौदा आहे हे आधी सांगायला हवं.

इथेच २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कामाला येतो. गंमत म्हणजे कायद्याच्या मजकुरातच दुकानाचं उदाहरण दिलं आहे: एक व्यक्ती औषधाच्या दुकानातून खरेदी करते, पैसे मिळाल्याची पोच मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून माहिती देते, तर दुकान ती माहिती पोच पाठवण्यापुरती वापरू शकतं. पोच पाठवण्यापुरती! दिवाळीच्या सेलचा मेसेज त्यात बसत नाही. त्यासाठी वेगळी संमती हवी. ती मागताना माहिती कशासाठी हवी हे सोप्या शब्दांत सांगायचं, आणि ग्राहकाला ते मराठीसकट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या सवयींवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

कायद्याला एक मोठी फटही आहे. तो फक्त डिजिटल माहितीला, किंवा कागदावर घेऊन नंतर कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या माहितीला लागू होतो. म्हणजे दुकानदारानं मोबाईलवर काढलेला तुमच्या लायसन्सचा फोटो कायद्याच्या कक्षेत येतो, पण ड्रॉवरमध्ये पडलेली झेरॉक्स किंवा काउंटरवरची उघडी वही येत नाही. आपल्याकडची निम्मी माहिती अजून वह्यांमध्येच आहे, त्यामुळे ही फट लहान नाही.

दुसरीकडे काय घडलं

अमेरिकेत लायसन्सच्या मागे एक रुंद बारकोड असतो. दुकानात वय बघायला तो स्कॅन केला की नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख, लायसन्स नंबर, उंची, डोळ्यांचा रंग असं सगळंच मशीनला मिळतं. हवं होतं फक्त "२१ पूर्ण की नाही". म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी कायदा केला की वय किंवा कार्डाचा खरेपणा पडताळण्यासारख्या ठराविक कामांपलीकडे ही स्कॅन केलेली माहिती ठेवायची किंवा वापरायची नाही. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये क्रेडिट कार्डानं पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून पिनकोड मागून नोंदवून ठेवणंही बेकायदा ठरवलं, कारण नाव आणि पिनकोड जुळवून दुकान त्या ग्राहकाच्या घरचा पत्ता शोधून काढत होतं. पाच आकड्यांवरून घर सापडतं, तर दहा आकड्यांवरून काय सापडत नसेल?

ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये काही सुपरमार्केटमध्ये वेगळा प्रयोग झाला. बिल करणाऱ्या मशीनवरचा कॅमेरा चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेतो आणि चित्र लगेच पुसून टाकतो. लोक याची चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेशी गल्लत करतात, पण दोन्हींत फरक आहे. अंदाज घेणारं मशीन तुम्ही कोण हे शोधत नाही. ओळखणारं मशीन तुमचा चेहरा आधीच्या यादीशी जुळवतं. अंदाजाच्या मशीनचीही मर्यादा आहे: अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनं २०२४ मध्ये अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा बायकांच्या चेहऱ्यांवर चुका जवळजवळ नेहमीच जास्त निघाल्या.

ओळखणाऱ्या यंत्रणेची चूक मात्र माणसाला चोर ठरवते. अमेरिकेतल्या राइट एड या औषधांच्या दुकानसाखळीवर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगानं पाच वर्षं चेहरा ओळख वापरायला बंदी घातली. आयोगाच्या तक्रारीत नमूद आहे की चुकीच्या जुळणीमुळे कर्मचाऱ्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीला अडवून तिची झडती घेतली होती.

यातून निघणारी वाट तांत्रिकदृष्ट्या तयार आहे. मोबाईलमधल्या लायसन्ससाठी २०२१ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात "अमुक वयाच्या वर आहे: होय किंवा नाही" एवढंच दाखवायची सोय आहे. नाव नाही, पत्ता नाही, तारीखही नाही. आधारच्या नव्या ॲपमध्येही निवडक माहितीच दाखवता येते. वाइन शॉपच्या जाळीमागच्या पोराला हिरवी किंवा लाल खूण दिसली की पुरे. परवान्याचा कागद तरी आणखी किती वर्षं नावाला छापायचा?

ते होईपर्यंत काउंटरवर काय म्हणायचं? वय विचारलं तर कार्ड दाखवावं, हसत दाखवावं, आणि हातात परत घ्यावं. फोटो काढू लागला तर "बघा, पण फोटो नको" एवढं म्हणणं पुरतं. आधारच हवं म्हणाला तर लायसन्स पुढे करावं. मोबाईल नंबर मागितला तर "बिल कागदावर द्या, नंबर देत नाही." मॅनेजरला बोलवायची वेळ आली तर बोलवावं, कॅशियरवर ओरडू नये, सिस्टीम त्यानं बनवलेली नसते. खोटा नंबर मात्र सांगू नये: तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो आणि तुमच्या बिलाचे मेसेज त्याला जातात.

तरीही बिल अडवलं, तर दुकानाचं नाव, वेळ आणि झालेलं बोलणं लिहून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण दुकानांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. ती मे २०२७ मध्ये संपेल. तोवर ग्राहक संरक्षण कायदा पुरेसा आहे, आणि तो आजच लागू आहे.